कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटचा कोर्स चांगला आहे की नुसती फाइल चांगली आहे, हे कसं ओळखायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॉलेजात कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटचा चार वर्षांचा डिग्री प्रोग्राम आहे, तुम्ही नुकतेच त्याचे कोऑर्डिनेटर झालात, दीडेक वर्षात अ‍ॅक्रेडिटेशनची, म्हणजे कोर्सला बाहेरून मान्यता द्यायची, टीम येणार आहे. आधीच्या फाइलीत मिशन, उद्दिष्टं, आउटकम्स सगळं व्यवस्थित आहे आणि दरवर्षी सगळी टार्गेट्स पूर्ण झालेली दिसतायत. पण इंटर्नशिप देणाऱ्या कंपन्या मात्र कुरकुर करतायत की पोरांना प्रोजेक्टचं साधं शेड्यूल, म्हणजे कामांचं वेळापत्रक, वाचता येत नाही. मग खरं कोणाचं धरायचं, आणि उद्दिष्टं पहिल्यापासून लिहायला घ्यायची का?

आधी कंपन्यांचं खरं धरा. आणि उद्दिष्टं लिहायला इतक्यात बसू नका, तो शेवटचा उद्योग आहे. सगळ्या आउटकम्सच्या पुढे सलग चार-पाच वर्षं "पूर्ण" लिहिलेलं दिसलं की मला तरी पहिला संशय मोजमापावर येतो, कारण कुठलाही खरा कोर्स सगळ्याच बाबतीत दरवर्षी चांगला नसतो, कधी सर्व्हेइंग शिकवणारे सर सोडून जातात, कधी एखादी बॅच गणितात कच्ची येते, आणि हे जर आकड्यांत उमटतच नसेल तर ते आकडे दुसरंच काहीतरी मोजतायत.

शब्दांचा घोळ आधी मिटवून टाकतो, कारण निम्मी भांडणं तिथेच होतात. मिशन म्हणजे कोर्स कशासाठी आहे ते, एक-दोन वाक्यांत, त्यावर वेळ घालवू नका. प्रोग्रामची उद्दिष्टं म्हणजे पास झाल्यावर काही वर्षांनी तुमचा विद्यार्थी काय करत असेल ते, म्हणजे स्वतंत्रपणे एखादा छोटा प्रोजेक्ट सांभाळत असेल, एस्टिमेटिंगमध्ये, म्हणजे खर्चाचा अंदाज काढायच्या कामात, जबाबदारीच्या जागी असेल वगैरे. आणि आउटकम्स म्हणजे डिग्री हातात पडते त्या दिवशी त्याला काय करता आलं पाहिजे ते. अ‍ॅबेट ही इंजिनिअरिंग-टेक्नॉलॉजीच्या कोर्सेसना मान्यता देणारी अमेरिकन संस्था उद्दिष्टं आणि आउटकम्स या दोन्हींमध्ये हाच फरक करते, आणि तो सोयीचा आहे, कारण पहिल्याचा पुरावा माजी विद्यार्थ्यांकडून येतो आणि दुसऱ्याचा वर्गातून. दोन्ही एकाच तक्त्यात कोंबले की काय होतं, "आमचे विद्यार्थी इंडस्ट्रीत नेतृत्व करतील" याचा पुरावा म्हणून सहाव्या सेमिस्टरची परीक्षा दाखवायची वेळ येते. बघितलंय हे, एकदा नाही, बऱ्याचदा.

या विषयात सगळं शून्यापासून लिहायची गरजही नाही. अमेरिकन कौन्सिल फॉर कन्स्ट्रक्शन एज्युकेशन, म्हणजे एसीसीई, 1974 पासून फक्त कन्स्ट्रक्शनच्या शिक्षणाचंच काम करते, आणि बॅचलर्स डिग्रीसाठी त्यांची 20 आउटकम्सची यादी बरीच वर्षं वापरात होती. ब्रिटनमध्ये सीआयओबी, म्हणजे चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ बिल्डिंग, आहे, ती तर 1834 सालची, तीही कोर्सेसना मान्यता देते. तुम्ही कुठल्याही संस्थेकडे जात असा किंवा नसा, एसीसीईची ती यादी एकदा नीट वाचा आणि त्यातली क्रियापदं बघा. लेखी संवाद, तोंडी प्रेझेंटेशन, सेफ्टी प्लॅन, कॉस्ट एस्टिमेट, शेड्यूल, एवढ्या गोष्टी विद्यार्थ्याने स्वतः "तयार करायच्या" आहेत. मटेरियल, पद्धती, यंत्रसामग्री यांचं "विश्लेषण" करायचं. सर्व्हेइंग आणि सॉफ्टवेअर "वापरता" आलं पाहिजे. आणि काँट्रॅक्टचा कायदा, रिस्क, अकाउंटिंग, क्वालिटी कंट्रोल, पर्यावरणाचा विचार, स्ट्रक्चर कसं वागतं, प्लंबिंग-इलेक्ट्रिकल-एसी हे सगळं "समजलं" पाहिजे.

ही क्रियापदं सहज म्हणून टाकलेली नाहीत. ब्लूमची शिडी, म्हणजे शिकण्याच्या सोप्यापासून अवघड अशा पायऱ्यांची मांडणी, 1956 ची, 2001 मध्ये ती सुधारली तेव्हा "तयार करणे" सगळ्यात वरच्या पायरीवर नेलं. याचा तुमच्यासाठी सरळ अर्थ असा की शेड्यूल "तयार करता येतं" याचा पुरावा म्हणून चार पर्यायांचा प्रश्न चालणार नाही. फ्लोट (शेवटची तारीख न हलता एखादं काम किती लांबू शकतं ती मोकळीक) म्हणजे काय हे बरोबर टिक करणारा मुलगा शेड्यूल बनवू शकेलच असं नाही. तुमच्या फाइलीत बहुतेक हेच झालं असणार, आउटकम वरच्या पायरीचं आणि मोजमाप खालच्या पायरीचं, म्हणून आकडे छान आणि साइटवर बोंब. सगळ्यात आधी हीच जुळवणी तपासा: एका कॉलममध्ये आउटकम, दुसऱ्यात ते नेमकं कुठल्या असाइनमेंटवर किंवा प्रश्नावर मोजलं. एका दुपारीत होतं हे काम, आणि निम्मे प्रश्न तिथेच उघडे पडतात.

दुसरी गोष्ट जी बहुतेक कॉलेजं करतात आणि जी करू नये: विषयाचे मार्क हाच पुरावा म्हणून देणं. एस्टिमेटिंगच्या विषयात 80 टक्के मुलांना 70 च्या वर मार्क, म्हणून आउटकम पूर्ण. अहो पण त्या 70 मध्ये हजेरी आहे, वेळेवर सबमिशन आहे, ग्रुप प्रोजेक्टमध्ये दुसऱ्याने केलेलं काम आहे, आणि सरांनी दिलेले ग्रेसचे दोन मार्कपण आहेत. त्यातून क्वांटिटी, म्हणजे कुठलं काम किती लागेल ते, काढता येते का हे कसं कळणार? विषयाच्या आत एक ठराविक काम वेगळं काढा, तेवढ्याचाच हिशोब ठेवा, बाकी मार्क तुमच्या पद्धतीने द्या.

आणि ते ठराविक काम निवडताना डोकं लावावं लागतं, त्याचं एक उदाहरण देतो कारण हे फार कमी लोक बघतात. एका पेपरात प्रश्न होता: 20 चौकोनी फुटिंग्ज (पायातले काँक्रीटचे ठोकळे), प्रत्येकी 2 मीटर बाय 2 मीटर, जाडी अर्धा मीटर, काँक्रीट आणि शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) काढा. काँक्रीट एका फुटिंगला 2 घनमीटर, एकूण 40. शटरिंग चारही बाजूंचं, म्हणजे परिघ 8 मीटर गुणिले 0.5, एका फुटिंगला 4 चौरस मीटर, एकूण 80. आता बघा, ज्याला शटरिंग म्हणजे काय हेच कळलेलं नाही आणि ज्याने नुसतं 2 गुणिले 2 करून वरचं क्षेत्रफळ घेतलं त्याचंपण उत्तर 4 आणि एकूण 80! दोघांनाही पूर्ण मार्क. जाडी फक्त 0.6 केली असती तर बरोबर उत्तर 4.8 प्रमाणे 96 आलं असतं आणि चुकणारा 80 वरच राहिला असता. म्हणजे प्रश्नातला एक आकडा बदलल्याने मोजमाप खरं झालं असतं. एस्टिमेटमध्ये तर हे फारच होतं, कारण फक्त शेवटची बेरीज तपासली तर एकीकडे खोदाई जास्त धरलेली आणि दुसरीकडे काँक्रीटची वेस्टेज विसरलेली अशा दोन चुका एकमेकींना झाकतात आणि टोटल मस्त जुळते. टोटलला मार्क कमी ठेवा, मधल्या क्वांटिटीजना जास्त ठेवा.

आता तुमच्या शेड्यूलच्या तक्रारीकडे येतो, कारण खरा मुद्दा तिथेच आहे.

शेवटच्या वर्षाच्या कॅपस्टोन प्रोजेक्टमधल्या, म्हणजे सगळे विषय एकत्र वापरायच्या मोठ्या प्रोजेक्टमधल्या, शेड्यूलच्या सॉफ्टवेअर फाइल्स उघडा, पीडीएफ नको, मूळ फाइल. पीडीएफमध्ये सगळ्यांचीच रंगीत पट्ट्यांची नक्षी सुंदर दिसते. फाइल उघडल्यावर तीन गोष्टी बघा. एक, पहिली आणि शेवटची सोडून किती अ‍ॅक्टिव्हिटीज अशा आहेत ज्यांच्या आधी किंवा नंतर काहीच जोडलेलं नाही, म्हणजे नुसत्या तरंगतायत. दोन, तारखा लॉजिकमधून आल्यात की हाताने ठोकून बसवल्यात, "याच तारखेला संपलं पाहिजे" असली बंधनं किती आहेत. तीन, मटेरियल मागवणं शेड्यूलमध्ये आहे का, म्हणजे लिफ्ट, इलेक्ट्रिकल पॅनेल, एसीची मोठी युनिट्स यांचं ड्रॉइंग मंजूर करून घेणं, फॅक्टरीत बनणं, साइटवर येणं. विद्यार्थी बहुतेक वेळा पॅनेल बसवण्याची अ‍ॅक्टिव्हिटी टाकतो आणि ते पॅनेल आकाशातून पडणार असं गृहीत धरतो.

आणि मग सगळ्यात सोपी परीक्षा: पहिल्या मजल्याचा स्लॅब दहा दिवस लांबवा आणि पुन्हा कॅल्क्युलेट करा. त्याच्यावर फ्लोट नसताना शेवटची तारीख हललीच नाही, तर ते शेड्यूल नाहीये, कॅलेंडरवर काढलेलं चित्र आहे. हीच परीक्षा तोंडी पण घेता येते, विद्यार्थ्याला समोर बसवून विचारायचं, हे दहा दिवस लांबलं तर काय काय हलेल आणि तू काय करशील. पाच मिनिटं लागतात एका मुलाला. कंपन्या "शेड्यूल वाचता येत नाही" म्हणतात तेव्हा त्यांना साधारण हेच म्हणायचं असतं, बार चार्ट दिसतो पण त्यामागचं एकमेकांवर अवलंबून असणं दिसत नाही.

यातूनच तुमचं रुब्रिक, म्हणजे काम तपासायची पातळीवार मोजपट्टी, तयार होतं बघा. "उत्कृष्ट, चांगलं, समाधानकारक, असमाधानकारक" असल्या विशेषणांच्या रुब्रिकचा काही उपयोग नाही, प्रत्येक सर त्याचा वेगळा अर्थ लावतात. त्याऐवजी लिहा: सगळ्यात खालच्या पातळीला तरंगत्या अ‍ॅक्टिव्हिटीज भरपूर आणि तारखा हाताने टाकलेल्या, त्याच्या वर, लॉजिक जोडलंय पण काँक्रीटचं क्युरिंग (ओलं ठेवून पक्कं होऊ देणं), शटरिंग काढायचा काळ, मटेरियल मागवणं असलं काही नाही, त्याच्या वर, हे सगळं आहे आणि उशीर टाकला की तारीख बरोबर हलते, आणि सगळ्यात वर, विद्यार्थी क्रिटिकल पाथ (कामांची जी साखळी शेवटची तारीख ठरवते ती) तोंडी समजावतो आणि वेळ भरून काढायला दोन पर्याय खर्चासकट सांगतो. असं लिहिलं की दोन वेगवेगळे लोक एकाच फाइलीला जवळपास सारखी पातळी देतात. देतात का ते तपासूनही बघा, तीन फॅकल्टी आणि एक इंडस्ट्रीतला माणूस, चौघांनी त्याच पाच फाइली एकमेकांना न विचारता तपासायच्या. पहिल्या वेळी वाद होणार, होऊ द्या, त्या वादातून रुब्रिक सुधारतं.

ग्रुप प्रोजेक्टबद्दल एवढंच की ग्रुपला मिळालेली पातळी चारही पोरांच्या नावावर लावू नका. प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण शेड्यूल करतो, एक एस्टिमेट, एक प्रेझेंटेशन, आणि एक जण चहा आणतो असं गमतीने म्हणतात, पण आउटकम "प्रत्येक पदवीधराला येतं" असं सांगत असेल तर पुरावापण प्रत्येकाचा वेगळा लागतो. वरची पाच मिनिटांची तोंडी इथे पण कामाला येते.

सेफ्टी प्लॅनचंही तसंच. हेल्मेट, बूट, गॉगल, टूलबॉक्स टॉक (कामाआधी सेफ्टीवर छोटं बोलणं), हे कुठल्याही साइटला चिकटवता येतं, आणि आता तर एआयला सांगितलं की वीस पानं तयार. विशिष्ट साइटचं ड्रॉइंग द्या, त्यात वरून जाणारी विजेची लाइन दाखवा, शेजारच्या इमारतीला लागून खोल खोदाई दाखवा, क्रेन कुठे उभी करणार ते विचारा. मग कोणाला समजलंय ते लगेच कळतं.

बाहेरच्या परीक्षा आणि स्पर्धांचं काय, हे पण लोक विचारतात. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ कन्स्ट्रक्टर्सची पहिल्या पातळीची परीक्षा तिकडची बरीच कॉलेजं शेवटच्या वर्षाच्या मुलांना देतात, आणि तिचा फायदा असा की पेपर तुम्ही काढलेला नसतो, विषयवार निकाल मिळतो आणि दुसऱ्यांशी तुलना होते. "समजणे" पातळीच्या आउटकम्सना ती चांगली, पण "तयार करणे" तिच्यातून दिसत नाही, म्हणून फक्त तिच्यावर विसंबू नका. स्पर्धा म्हणजे असोसिएटेड स्कूल्स ऑफ कन्स्ट्रक्शनच्या अमेरिकेतल्या रिनोमधल्या स्पर्धेसारख्या, जिथे टीमला सकाळी खऱ्या प्रोजेक्टचा प्रॉब्लेम मिळतो आणि रात्रीपर्यंत पूर्ण प्रपोजल द्यायचं असतं, त्या शिकण्यासाठी जबरदस्त आहेत, जरूर पाठवा. पण तिथे तुमची निवडक पोरं जातात, त्यामुळे ट्रॉफीवरून पूर्ण बॅचचा दर्जा काढता येत नाही.

प्लेसमेंटचा आकडा तर जपूनच वापरा. बाजार तेजीत असला की कन्स्ट्रक्शनमध्ये कोणालाही नोकरी मिळते, आणि 2008 च्या मंदीनंतर अमेरिकेत तेच कोर्स, तेच शिक्षक, पण पास झालेल्यांना नोकऱ्या मिळेनात. तो आकडा बाजाराचा आहे, तुमचा त्यात वाटा किती हे वेगळं काढता येत नाही. तरी तो जाहीर करावा लागतो, विद्यार्थ्यांना आणि पालकांना तो बघायचा हक्क आहे, आणि एसीसीईसारख्या संस्था विद्यार्थ्यांच्या यशाची माहिती सगळ्यांना दिसेल अशी ठेवायला सांगतात. जाहीर करा, पण पुरावा म्हणून त्याच्यावर टेकू नका. सर्व्हेचंही तेच: "मला एस्टिमेट येतं असं वाटतं का" याला शेवटच्या वर्षाची मुलं भरभरून पाच पैकी पाच देतात. माजी विद्यार्थ्यांना दोन-तीन वर्षांनी विचारलेलं जास्त खरं असतं, त्यातही "नोकरीच्या पहिल्या वर्षात कुठल्या गोष्टीवर अडलात" असा उघडा प्रश्न ठेवा, पाचपैकी किती हे नको.

टार्गेटबद्दल एक. समजा "75 टक्के विद्यार्थी तिसऱ्या पातळीवर" असं ठेवलं, आणि वर्ग 16 जणांचा आहे. तर 12 जण आले की पास, 11 आले की 68.75 टक्के म्हणजे नापास, एका पोराच्या तापामुळे तुमचा कोर्स "कमी पडला". लहान वर्ग असेल तर दोन-तीन वर्षांचा डेटा एकत्र बघा, आणि टक्क्यांपेक्षा नेमकी कुठली चूक परत परत येते ते लिहून ठेवा. "16 पैकी 5 जणांनी मटेरियल मागवणं धरलंच नाही" या वाक्यावर काम करता येतं, 68.75 वर काय करणार?

सुधारणेच्या नोंदी, ज्याला सगळे लूप बंद करणं म्हणतात, तिथे व्हिजिटिंग टीम खरं बघते. "फॅकल्टीशी चर्चा झाली, अधिक भर देण्यात येईल" ही नोंद म्हणजे काहीच केलं नाही असंच वाचतात ते. नोंद अशी हवी: काय दिसलं, त्यामुळे कुठल्या विषयात नेमकं काय बदललं, पुन्हा कधी मोजलं, काय झालं. तुमच्या बाबतीत मला वाटतं असं सापडेल की शेड्यूलिंग तिसऱ्या वर्षी एका विषयात शिकवलं जातं आणि त्यानंतर थेट कॅपस्टोनलाच लागतं, मध्ये वर्षभर कोणी हातच लावत नाही. मग प्रोजेक्ट कंट्रोलच्या विषयात दर दोन आठवड्यांनी चालू शेड्यूल अपडेट करायचं काम घाला, खऱ्या साइटसारखं, आज इतकं झालं, हे मटेरियल उशिरा आलं, आता तारीख सांग. पण एकाच वर्षी रुब्रिक आणि कोर्स दोन्ही बदलू नका, नाहीतर आकडा बदलला तर कशामुळे ते कधीच कळणार नाही. आधी नवीन रुब्रिकने जुन्या बॅचच्या फाइली तपासून घ्या, तो तुमचा आधीचा आकडा. तो वाईट येणार, घाबरू नका, टीमसमोर तोच ठेवा. कमी आलेला आकडा आणि त्यावर केलेलं काम दिसलं की टीमचा बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसतो.

इंडस्ट्री अ‍ॅडव्हायझरी बोर्डाला वर्षातून दोनदा बोलवून जेवण घालून "आमच्या कोर्सबद्दल काय वाटतं" विचारलं की ते म्हणणार छान आहे, अमुक सॉफ्टवेअर शिकवा. सॉफ्टवेअर दर काही वर्षांनी बदलतं, त्याच्या मागे फार लागू नका. त्यांच्यापुढे नाव झाकलेल्या दोन विद्यार्थ्यांच्या फाइली ठेवा आणि विचारा, याला तुम्ही कामावर घ्याल का, आणि नाही तर कशामुळे. मिनिट्समध्ये ते जे बोलले ते जसंच्या तसं उतरवा.

मग उद्दिष्टं? आता लिहा, हे सगळं केल्यावर. तुमचे माजी विद्यार्थी खरंच कुठे जातायत, जनरल काँट्रॅक्टरकडे, क्लायंटच्या बाजूने, सब-काँट्रॅक्टरकडे, ते आधी बघून. रस्ते-पुलांच्या कंपन्यांत निम्मे जात असतील आणि कोर्स सगळा इमारतींचा असेल तर उद्दिष्ट आणि कोर्स यातलं एक बदलावं लागेल. तीन-चार पुरेत, आणि प्रत्येकाशेजारी लिहा की हे खोटं ठरलं तर आम्हाला कशावरून कळेल. ज्याच्याशेजारी असं काही लिहिता येत नाही ते काढून टाका.

दीड वर्षात एवढं सगळं होणार नाही, 20 च्या 20 आउटकम्सवर तर अजिबात नाही. या सेमिस्टरला शेड्यूल आणि एस्टिमेट दोनच घ्या, पुढच्याला सेफ्टी आणि लेखी काम. प्रत्येकाचे वरचे, मधले आणि खालचे दोन-दोन नमुने, नावं झाकून, मूळ फाइलसकट, सेमिस्टर संपायच्या आठवड्यातच एका सामायिक फोल्डरमध्ये टाका, कोणा एका सरांच्या लॅपटॉपवर नको, कारण ते सर सोडून गेले की पुरावापण त्यांच्याबरोबर जातो.